दारात उभे राहिलेले साठ मार्क

भिगवण,
मंगळवार, मच्छीबाजार आटोपल्यावर

समिनाआपास धाकट्या फकीरचा सलाम पोचावा. तुझा गुडघा कसा आहे, आणि दुल्हाभाईंनी तंबाखू सोडली की नुसती लपवली, ते कळव. इकडे सगळी खैरियत आहे, फक्त तुझी भावजय वहिदा माझ्याशी बोलत नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हल्ली फोन आमच्या झोयाच्या हातात असतो. म्हणून हे पत्र.

झोयाला बारावीसाठी तुमच्या बारामतीला यायचंय. मी म्हटलं, आधी गणित दाखव, मग बघू. तेव्हा तिनं ऑनलाइन शिकवणी लावून घेतली. उत्कर्षा मॅडम म्हणून आहेत. पडद्यावर गळ्यापर्यंतच दिसतात, आवाज गोड, पण गणितात भलत्या कडक. घरात मोठ्या पडद्याचा फोन एकटा माझाच, त्यामुळे शिकवणीला मीही शेजारी बसतो (मासळीच्या ऑर्डरी त्याच फोनवर येतात, धंदा काय बंद ठेवू?). पहिल्याच दिवशी ढाबेवाला लखन दारात आला आणि घासाघीस करायला लागला. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "चिलापी धा किलोपेक्षा कमी घेणार आसशील तर ह्यो भाव न्हाय मिळायचा!" पडद्यावरून मॅडम म्हणाल्या, "छान! हीच आपली असमानता." तेव्हापासून बाईंबद्दल माझं मत बरं झालं.

ही असमानता म्हणजे काय, तर बरोबरीचं चिन्ह नसलेलं गणित. त्याचं उत्तर एक आकडा नसतो, आकड्यांची जत्राच असते. पाचापेक्षा मोठे म्हटलं की पाचापुढचे सगळे आले. उणे आकड्यानं भागलं की चिन्ह उलटं फिरतं (आपले मामू भांडण मिटवायला गेले की होतं तसंच), तेही मला पटलं. आमचं बिनसलं ते गोळ्यावरून. उत्तर रेषेवर काढून दाखवायचं असतं, आणि "पाचापेक्षा मोठे" असेल तर पाचावर पोकळ गोळा काढायचा. पोकळ म्हणजे पाच त्यात धरायचा नाही. आपा, सगळी जत्रा ज्याच्यापासून सुरू होते तो बिचारा दारात उभा, आणि त्यालाच आत घ्यायचं नाही? आपल्या अब्बांनी काय शिकवलं? काटा बरोबर आला की वर एक मासा टाकायचा, आणि ताटं वाढल्यावर जो दारात येईल त्याला बसवून घ्यायचं. मी झोयाच्या वहीतले गोळे पेनानं भरत गेलो. मॅडम चूक दाखवायच्या, झोया खोडायची, मी पुन्हा भरायचो. पोरगी हसून म्हणायची, "अब्बा, त्यो पाच आपला पाव्हणा न्हाय, आकडा हाय."

आता मुद्द्याचं. मी शब्द दिला होता की मॅडमच्या शेवटच्या चाचणीत शंभरात साठाच्या वर मार्क पडले, तर बारामती. काल निकाल कळला. साठ. ना वर, ना खाली. मी म्हटलं, साठाच्या वर म्हणजे पोकळ गोळा, साठ बाहेर. वहिदा भाकरी थापता थापता थांबली. "आता बरं मॅडमचं गनित पटलं तुमाला!" एवढं बोलली, ते शेवटचं. तू थोरली आहेस, तिला समजाव, बापाचा शब्द तो शब्द. खरं सांगू का आपा, झोया गेली की मला घर खायला उठेल. तिच्याशी वाद घातल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. पण हे वहिदाला सांगू नकोस, उगाच हसेल.

तुझा,
फकीर

ता. क. पाकीट चिकटवणार, तोच मॅडमनी तपासलेला पेपर फोनवर पाठवला. शेवटच्या गणितात एक मार्क कापलाय. पोकळ गोळा हवा होता, झोयानं भरलेला काढलाय. मॅडमनी झोयाला फोनवर विचारलं, येत असताना असं का केलंस? मी पलीकडे जाळं आवरत होतो, तिला वाटलं मला ऐकू येत नाही. म्हणाली, "मॅडम, अब्बा शेजारी बसून बगत हुतं. त्यांच्यादेखत त्येला भाईर कसा ठिवायचा?" आपा, मला जाळ्याची गाठ दिसेना.

आणखी एक. तुझी मागची खोली रिकामी आहे ना? वर लिहिलेलं सगळं विसर आणि झोयाला ठेवून घे. घरात मी सांगणार की आपानं हट्ट धरला, माझा नाइलाज झाला. शुक्रवारी तिला घेऊन येतो. मासे आणतो, काट्याच्या वर एक धरून. तिला दारात उभी ठेवू नकोस. आणि परतताना मी एकटा असेन, तर मला जेवल्याशिवाय सोडू नकोस.