राजरत्नने पेडल कसं सांभाळलं

अंबरनाथ (पूर्व)
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

सम्यक,
सप्रेम जयभीम.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हा कागद. कैलासच्या हाती देते आहे. तो तुझ्या शेडमध्येही गाड्यांचं काम करतो आणि माझ्याही, तेव्हा त्याच्यावर राग काढू नकोस.

इथे सगळं ठीक आहे. तुझ्या बहिणीचे टाके सुकलेत. नकली पायाचं माप पुढच्या महिन्यात घेतील. आई एक दिवसाआड कात्रपहून येतात, सुकटीची चटणी आणतात, हॉलमध्ये बसून रडतात आणि जातात. मायाला ते रडणं आवडत नाही. परवा ती बाथरूमच्या दारात वॉकरसकट पडली. मी उचललं नाही. बऱ्याच वेळाने स्वतःच उठली. तू असतास तर धावला असतास.

मी तिला अडवून ठेवलंय, असं तू आईंना म्हणालास. नाही. आपण वेगळे झालो तरी ती मला वहिनीच मानते, आणि हॉस्पिटलमधून तिनेच माझ्याकडे यायचं ठरवलं. तुझं नाव निघालं की भिंतीकडे तोंड करते. फोन हातात घेत नाही, टीममधल्या कुणाला भेटत नाही. का ते सांगते, पण आधी गुरुवारचं.

गाड्या उघडून बघायचा हट्ट तुझाच होता. सीझनभर तू सांगत फिरलास की हरेश सेठ रेसिंगच्या दोन टीम चालवतात, पण चांगली गाडी अंबरनाथला देतात आणि उरलेली बदलापूरला. म्हणून माझी टीम पुढे, म्हणून मायाही तुला सोडून माझ्याकडे आली. शेवटी सेठनी बदलापुरात खरवईच्या तुझ्या शेडमध्ये अपघातातली मायाची आणि तुझ्या ड्रायव्हरची, राजरत्नची, अशा दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. तू मायाच्या गाडीत वाकलास. ब्रेकच्या पेडलमागे तिचा बूट अजून अडकलेला होता. तू तसाच बाहेर पडलास आणि बाइक काढून निघून गेलास. म्हणून पुढचं तुला माहीत नाही.

इंजिनं सारखी निघाली. गिअर, स्प्रिंगा, टायर, सगळं सारखं. सेठ घाम पुसत म्हणाले, "सेम टू सेम आहे सगळं. फिर फरक किधर है, बोलो मेरे को?"

मग कैलासने ब्रेक खोलले. दोन्ही गाड्यांतलं ब्रेक ऑइल काळं पडलेलं, जळका वास मारत होतं. सेठनी उल्हासनगरहून स्वस्तात आणलेल्या एकाच डब्यातलं ते. दोन्हीकडे उकळलं, दोन्हीकडे ब्रेक न लागता पेडल खाली गेलं.

सेठनी विचारलं, "मग राजरत्न कसा वाचला?"

कैलास म्हणाला, "त्याने रेडिओवर सांगितलं ब्रेक लागत नाय. सम्यकने रेस सोडून लगेच पिटमध्ये आत घेतला."

"और माया ने नहीं बोला?"

मी म्हणाले, "बोलली होती. मी आत घेतली नाही."

मला वाटलं आता सेठ हाकलतील. ते खुर्चीवर बसले, चहा मागवला, आणि चहा संपल्यावर म्हणाले, "बदलापूरचं शेड बंद करतो. दोन्ही गाड्या तू घे." पुढच्या सोमवारी मी चावी घ्यायला येते आहे. राजरत्नला ठेवणार आहे. तुझ्याबद्दल सेठ तुला काय ते सांगतील.

तुला हवं होतं ते उत्तर हेच आहे, सम्यक. गाडीत काही नव्हतं. तुझा ड्रायव्हर म्हणाला आवाज येतोय, तू आत घ्यायचास. म्हणाला डोकं दुखतंय, तू पाणी घेऊन धावायचास. माझ्याकडे असं कुणी म्हणतच नाही. तुझ्याकडे माया सहावी-सातवी यायची, तशाच गाडीत माझ्याकडे पहिल्या तिनात यायला लागली. तिला फार आनंद झाला होता. तुला ती कधी बोलली नसेल, मला बोलली. "दादा मला काचेच्या भांड्यासारखं धरतो, वहिनी." मलाही तू असंच धरलं होतंस. कोईमतूरच्या वर्कशॉपची नोकरी आली तेव्हा काय म्हणालास? "आत्ता नको, अंजू." झालं. तेव्हापासून मी तुझ्या घरात पिटमध्ये उभ्या केलेल्या गाडीसारखी होते.

आता त्या दिवसाचं. रेडिओचं रेकॉर्डिंग नाही, तेव्हा मी सांगेन तेच.

शेवटचे दोन लॅप होते आणि माया पहिली होती. म्हणाली, "वहिनी, पेडल खाली जातंय." मी म्हणाले, "पंप करत राहा." पुढच्या वळणानंतर पुन्हा आवाज आला. तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "वहिनी, दादाच्या गाडीला पण होतंय का? जरा बघून सांगा ना."

मी बघितलं. बघायची गरजही नव्हती, तुझा पिट माझ्या शेजारीच होता. राजरत्नची गाडी आत होती, बॉनेट वर होतं, तो कट्ट्यावर बसून पाणी पीत होता आणि तू चाकाशी वाकला होतास.

मी म्हणाले, "दादाची गाडी मस्त चाललीय. तू चालव."

ती "ओके" म्हणाली. पुढच्या वळणावर ती गाडीसकट ट्रॅकच्या बांधावरून पलीकडे गेली.

शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काय विचारलं माहीत आहे? "राजरत्न कितवा आला?" मी म्हणाले, तिसरा. तेव्हापासून ती तुझं तोंड बघत नाही. तुझ्यावर राग नाही, सम्यक. शरम आहे. तेच ऑइल, तेच पेडल, राजरत्नने सांभाळलं आणि तिला जमलं नाही, असं तिला वाटतं. दादाला कळलंच असेल मी किती कच्ची आहे, म्हणते.

तिनेच मला हे पत्र लिहायला लावलं. तुला एवढंच विचारायचंय तिला: राजरत्नने ते पेडल कसं सांभाळलं? पंप कसं केलं, गिअर कुठे उतरवला, सगळं बारीक लिहून पाठव. पुढच्या वेळी चूक करायची नाहीये तिला. पुढच्या वेळी, हो. हाताने ब्रेक लावायची गाडी बनते का, हे कैलासला विचारायला ती मला रोज सांगते. सकाळी त्यासाठीच उठते. वॉकर धरते तेही त्यासाठीच.

तेव्हा आता तू उत्तर लिही. राजरत्न आत आला होता, असं लिहिलंस तर तिला कळेल की चूक तिची नव्हती. मी कोण आहे तेही कळेल. ती आईंबरोबर कात्रपला येईल, तुझ्या घरात खिडकीशी बसेल, आणि परत कधी गाडीत बसणार नाही. तुला तुझी बहीण मिळेल. नाहीतर राजरत्नने पेडल असं असं सांभाळलं म्हणून दोन पानं खोटी लिही, ती वाचून तुझी माया उद्याही उठेल, स्वतःला शिव्या देत.

मी तिला काही सांगणार नाही. तुझं पत्र फोडणारही नाही, जसं येईल तसं तिच्या हातात देईन.

त्या दिवशी तू वाकलेला होतास, मान वर केली असतीस तर मी दिसले असते. रेडिओ माझ्या हातात होता आणि मी तुझ्याचकडे बघत होते.

कैलास खाली थांबलाय. आईंना जयभीम सांग.

तुझी कुणी नाही, पण मायाची अजून वहिनी,
अंजना