नावानं हाक मारणारा माळ

आबा, माझी नात, म्हणजे तुमची पणती, सांगलीला कॉम्प्युटरचं शिकते. तिनं तुमच्या माळाचा खेळ केलाय. खेळ म्हणजे विटीदांडू नव्हे, पडद्यावरचा, बटणं दाबून खेळायचा. कॉलेजात प्रत्येकानं आपली नवी कल्पना सरांपुढं मांडायची, पटली तरच पुढं करायची. पोरीच्या कल्पना सरांनी आधीच परत पाठवलेल्या. आता ही शेवटची संधी, नाहीतर दुसऱ्याच्या हाताखाली काम. रडवेली होऊन माझ्याजवळ आली. ‘आज्जे, तुला भ्या वाटलेलं कायतरी सांग की.’ माझी शाळा चौथीपर्यंत, मी काय सांगणार? पण भ्या म्हटल्यावर मला आटपाडीकडचा माळच दिसला.

बाहत्तरचा दुष्काळ. मेंढरं घेऊन आपण फलटणकडं निघालोय, तिकडं मेंढरांना उसाचं वाडं, शेंड्याचा पाला तरी मिळेल म्हणून. दिवस कलला की माळावर माणसाचं नाव घ्यायचं नाही, ही तुमची शिस्त. तुम्ही शीळ घालायची, मी शिळेनंच उत्तर द्यायचं. ‘नाव कळलं की माळ हाक मारतो. ओ दिली की फिरवत ऱ्हातो,’ म्हणायचा तुम्ही. त्या सांजेला एक कोकरू मागं राहिलं. त्याला आणायला मी वळले आणि धुळीत तुम्ही दिसेनासे झालात. मग हाक आली. माझ्या नावानं. आवाज तुमचाच, पण येतोय अशा बाजूनं, जिकडं तुम्ही गेलाच नव्हता. कोकरू पोटाशी धरून मी घोंगडीखाली बसले. हाक जवळ आली, माझ्याभोवती फिरली. पाय वाजले नाहीत. पार लांबून शीळ आली, तेव्हा उठले.

‘आबा, तुमी हाक मारली व्हय?’

तुम्ही डोक्यावर हात ठेवलात. ‘बसलीस न्हवं, लय ब्येस केलंस.’

एवढंच पोरीला सांगितलं. तिनं खेळाचा थोडासा नमुना केला आणि मलाच सरांपुढं नेलं की हो! नवं लुगडं नेसून खुर्चीत बसले. सर म्हणाले, ‘यात शत्रू कुठाय?’ मला राहवलं नाही. ‘आवं सर, दिसला तर भ्यायचं कशाला?’ पोरं फिदीफिदी हसली.

‘मग जिंकायचं कसं?’

‘बसून,’ पोर म्हणाली.

‘बसून?’ सरही हसले आणि स्वतःच खेळायला बसले. खेळ आधी नाव विचारतो, त्यांनी लिहिलं. पडद्यावर माळ, मेंढरं, कललेला दिवस. तेवढ्यात यंत्रानं त्यांना नावानं हाक मारली. सरांचं बोट ओ द्यायच्या बटणावर गेलं, तोंडातून ‘ओ’ निघाली, आणि ते चक्क मागं वळून बघायला लागले. मागं भिंत होती. कुणी हसलं नाही. पडद्यावर माळ त्यांना गोल गोल फिरवत होता. सर खुर्चीतनं उठले, म्हणाले, ‘हाच कर.’ मी टाळ्या वाजवल्या, एकटीनंच. इतका आनंद मला नातवाच्या बारशालाही झाला नव्हता!

काल दुपारी घरात कुणी नसताना मीही खेळले. नाव विचारलं, तर तुम्ही लाडानं घेत होता ते लिहिलं. पोर म्हणते, यंत्राचा आवाज बाईचा ठेवलाय. असेल बाई. मला तुम्हीच ऐकू आलात. हे पत्र टाकायचं कुठं, म्हणून उशीखालीच ठेवते. बसायचं असतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण आबा, खरं सांगते, मी बसले नाही. ओ दिली.