आढ्याचा सांधा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा सुतारकी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. झोप उडाली आहे, त्याचं कारण कलम तीनमध्ये.

कलम एक. माझे रंधे, करवती, पटाशा, सगळी हत्यारं माझ्या थोरल्या भावाला, दादाला. अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. त्यानं अबोला धरला असं मी सगळ्यांना सांगत आलो. धरला मीच.

कलम दोन. बँकेत असेल ते मुलाला. त्यानं त्यातून पुन्हा मोटारसायकल घेऊ नये, आधीची अजून माझ्या अंगणात गंजते आहे.

कलम तीन. घर मुलीला. मागच्या खोलीत ती, जावई आणि नात झोपतात. त्या खोलीचं छप्पर मी बांधलं. वासे चोख, रिपा चोख, कौलांत कुठे फट नाही. पण आढं, म्हणजे अगदी वरचं, सगळे वासे ज्यावर टेकतात ते लाकूड, दोन तुकड्यांचं आहे. भिंतींची जाडी धरायला विसरलो आणि ते हातभर आखूड कापलं. जोड दिला तर सांधा भिंतीवर किंवा खांबावर यावा लागतो. माझा अधांतरी आहे, नेमका पलंगावर. दादा शिडीवरून म्हणाला, "उतरव हे. मी नवीन लाकूड आणतो." चार माणसांत मी त्याला नाही नाही ते बोललो आणि खालून फळ्यांची तक्तपोशी ठोकून सांधा झाकला.

आता तक्तपोशीला पोट आलं आहे. मुलगी म्हणते, "बाबा, रंग दिला की झालं." जावई पुढच्या आठवड्यात वर जड कौलं चढवणार आहे. वारा सुटला की रात्री उठून मी त्यांच्या दाराला कान लावतो. सांगायला तोंड उघडतो आणि चहा मागतो. मला माझीच लाज वाटते.

कलम चार. हे मी मेल्यावर वाचतील म्हणून इथवर लिहिलं. पण माझ्या आधी आढं गेलं तर? वकिलांनी बजावलं होतं, घर जिला मिळणार तिची साक्ष घेऊ नका, तिचा वाटा वादात पडेल. तरी पहिली साक्षीदार मुलगीच. तिनं आधी सगळं वाचावं, आजच. घराचं काय व्हायचं ते होवो.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली.
तारीख: अठरा, सोमवार, सकाळ.
सही: लिहून देणारा, सुतार.

साक्षीदार दुसरा: शेजारचा गवंडी. सही केली.

साक्षीदार पहिली: मुलगी. वाचलं, बाबा. सही करणार नाही. पलंग बाहेर काढलाय. काकांना फोन लावलाय, ते लाइनवर आहेत. तुम्ही बोला.