चाक कोणाच्या हातात होते

उस्ताद, तुम्हाला जाऊन तीस वर्षे झाली. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, म्हणून प्रत्येक अक्षर तपासून लिहीत आहे. एसटीत तेहतीस वर्षे मी गाडी चालविली आणि एकाही अपघाताचा शेरा घेतला नाही, हा अभिमान तुम्हीच दिलेला आहे. गेल्या आठवड्यात जळकोटहून भाचीचा साखरपुडा आटोपून कंधारला परतताना माझ्या मुलाने आमची मोटार रस्त्याकडेच्या चारीत घातली. ऐन दुपारची वेळ. कोणाला खरचटलेदेखील नाही. परंतु तो प्यालेला होता, आणि तो शाळेची बस चालवितो. लायसन्स गेले की त्याची भाकरी गेली.

पोलीस आले तेव्हा आम्ही दोघेही मोटारीबाहेर उभे होतो. हवालदाराने विचारले, चालवीत कोण होते? मी ताठ उभा राहून म्हणालो, "मी." त्यांनी फुंकायचे यंत्र पुढे केले. मी फुंकले, शून्य आले. क्षणभर वाटले, निभावले. तेवढ्यात मुलगा पुढे येतो. पाय लटपटत आहेत, आवाज मात्र स्थिर आहे. "साहेब, बाबा माझ्यासाठी खोटं बोलायलेत. गाडी मी चालवत होतो. मी पिलेला हाय." हवालदार हसले. "मला ठावं हाय. काका, सीट केवढी मागं सरकवलेली हाय बघा. तुमचे पाय तरी पोचतेत का?"

त्यानंतर मी केवळ पाहत राहिलो. बातमी कळताच ठाण्यात आलेल्या माझ्या मेव्हण्यांनी कोणा पुढाऱ्याला फोन लावण्याची तयारी केली, तर मुलाने त्यांना हात जोडून नको म्हटले. सरकारी दवाखान्यात रक्त देण्यासाठी त्याने स्वतः बाही वर केली. कोणाशी हुज्जत घातली नाही. पंचनामा वाचून दाखवा म्हणाला, शेवटपर्यंत ऐकला, मगच सही केली. लायसन्स जमा करून घेतले त्याची पावती मागितली. जामिनावर सुटताच वकिलांकडे गेला आणि त्यांनाही काही लपविले नाही. तारीख चुकवू नका, एवढे त्यांनी बजावले. दुसऱ्या दिवशी सकाळी, गावात बातमी पसरण्यापूर्वी, तो मुख्याध्यापकांसमोर गेला, बसची किल्ली टेबलावर ठेवली आणि झालेले सर्व सांगितले. सध्या तो घरी बसून आहे. पुढे काय होईल, कोणालाच ठाऊक नाही. पन्नाशीला आलेल्या त्या माणसाकडे मी जेवताना चोरून पाहतो. एवढे बळ याने कोठून आणले असेल?

मला कंधारच्या नाक्यावरचा दिवस आठवतो. मी बावीस वर्षांचा, तुमच्या लॉरीवर शिकत आहे, आणि घाईत एका बैलगाडीचे चाक मोडले आहे. वाटले, उस्ताद सांभाळून घेतील. तुम्ही तर फौजदारांसमोर बोट दाखवून म्हणालात, "ये चला रा था." जमीन दुभंगावी असे मला झाले. नंतर मात्र माल तसाच लॉरीत ठेवून तुम्ही दिवस मावळेपर्यंत माझ्याजवळ ठाण्याच्या बाकावर बसून राहिलात. अर्धा चहा बशीत ओतून माझ्याकडे सरकविलात आणि म्हणालात, "पैले सच बोलना. बाजू में बैठने कू मैं हूँ." मी वर्षभर मनातून रुसून होतो. ही हकीकत लाजेखातर मी मुलाला कधीही सांगितली नाही. तरी त्याने तेच केले. ठाण्यातल्या बाकावर त्या दिवशी मी त्याच्या बाजूला बसून होतो, इतकेच माझ्याकडून झाले.

हे पत्र कोठे पाठवावे? घडी करून माझ्या जुन्या बिल्ल्याच्या डबीत ठेवीत आहे. एक गोष्ट राहिली. जळकोटला मोटारीत बसण्यापूर्वीच मला त्याच्या तोंडाचा दारूचा वास आला होता. किल्ली इकडे दे, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. परंतु व्याही मंडळी निरोप द्यायला उभी होती. त्यांच्यादेखत ते बोलणे मला कमीपणाचे वाटले. मी धोतर सावरले आणि मुकाट्याने त्याच्या शेजारी बसलो. त्याने हवालदारांना, वकिलांना, मुख्याध्यापकांना खरे सांगितले. मी हे अद्याप त्यालाही सांगितलेले नाही.