अणुबॉम्बचा नकाशा आणि सुकलूची बैलगाडी

प्रिय देवरावभाऊ यांना सोमाजीचा मनापासून जयभीम.

तुमचं कार्ड संक्रांतीच्या सुमारास आलं आणि मी उत्तर लिहितो आहे मार्च सरत आल्यावर, त्याबद्दल आधी माफी मागतो. आळस केला नाही. आधी कार्ड आणलं, त्यात हकीकत मावेना. मग आंतर्देशीय आणलं, ते क्षेमकुशलातच भरून गेलं. (तुमची बहीण गिरजाबाई मला म्हणते, तुम्ही लोकांच्या तब्येतीची इतकी चौकशी करता की धडधाकट माणूस आडवा पडेल.) म्हणून आता वहीची पानं फाडून बसलो आहे. तुमच्या डोळ्यांचं पाणी थांबलं का? टॉकीजच्या मशीनजवळ उभं राहताना काळा चष्मा लावत जा. आशाबाईंच्या गुडघ्यांसाठी मोहाच्या बियांचं तेल काढून ठेवलं आहे. इकडे सगळे बरे आहेत, फक्त मी नाही. कारण सांगतो.

कारण सुकलू. आमच्या लग्नात ढोल वाजवून ज्याने तुमच्या वडिलांना नाचायला लावलं, तो पलीकडच्या गोंडवस्तीच्या टोल्यावरचा माझा मित्र. तंबाखू माझी आणि चुना त्याचा, असा आमचा चाळीस वर्षांचा व्यवहार आहे. गेले बारा दिवस माझ्याकडे नुसती तंबाखू आहे. चुना दुकानातही मिळतो हे मला माहीत आहे, पण मी घेणार नाही.

दोन वर्षांपूर्वी सुकलूची बैलगाडी लाकडाच्या डेपोत अडकवून ठेवली. गाडीत सागाचं आढं होतं. ते त्याच्याच पडलेल्या घराचं, चुलीच्या धुराने काळं झालेलं, खुंट्यांच्या भोकांसकट. डेपोचा बाबू म्हणाला, चोरून तोडलेला माल आहे. (काळं आणि भोकांचं आढं झाडाला लागतं असं त्या बाबूला वाटत असेल तर त्याला एकदा झाड दाखवायला पाहिजे.) मी पडलो चौथी पास, आणि खात्यात अठ्ठावीस वर्षं वनमजूर. अर्ज कसा लिहायचा ते मला कळतं. मी दोन पानी अर्ज लिहिला, त्यावर सुकलूचा अंगठा घेतला, आणि खाली म्हाताऱ्या पोलीस पाटलाची सही घेतली की हे आढं याच्याच घराचं आहे, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पाटील पुढे पावसाळ्यात वारले. नवा पाटील म्हणतो, मी ते घर उभं असताना पाहिलंच नाही, सही कशी करू? म्हणजे तो अर्ज जगात एकच.

आता त्या अर्जाचं काय झालं ते वाचा, पण आशाबाईंना हसू देऊ नका.

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या जंगलात सिनेमावाले आले. सुकलूच्या टोल्यावरच्या लोकांना नाचायला बोलावलं, तेही माझ्या शब्दावर. मी म्हटलं, चांगले लोक दिसतात, चहा देऊन राह्यले. तिथे चौथ्या दिवशी खाकी कपड्यातले एक रेंजरसाहेब जीपमधून उतरले. आता मी सरळ हिशेब केला. शूटिंग आहे म्हणजे परवानगी आहे, आणि परवानगी आहे म्हणजे देखरेखीला साहेब येणारच. मी टाचा जुळवून सलाम ठोकला आणि अर्ज पुढे केला. साहेबांनी गंभीरपणे पाहिला, खिशात घातला, म्हणाले, ‘‘काम हो जाएगा.’’ मग कोणीतरी ओरडलं आणि त्यांनी तो परत देऊन पुन्हा द्यायला लावला. असं तीनदा झालं. मला वाटलं, आता अर्ज तीन प्रतींत लागतो, पण कागदाची टंचाई असल्यामुळे एकच प्रत तीनदा घेतात. वास्तविक पहिल्या फटक्यात हो म्हणणारा साहेब मी अठ्ठावीस वर्षांत पाहिला नव्हता, तिथेच मला संशय यायला हवा होता. मी मात्र वर्षभर सुकलूला सांगत राहिलो, ‘‘चिंता नको करू, साहेबानं अर्ज स्वतःच्या खिशात ठेवला हाये.’’

यंदा महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत त्या सिनेमाची जीप आली. वर भोंगा, बाजूला पोस्टर. भोंग्यावर सांगत होते, आपल्याच जंगलात, आपल्याच वाघाशी झुंज. पोस्टरवर हिरोच्या दोन्ही हातांत बंदुका, मागे विमान, घोडे, आणि हिरोइन नखशिखांत भिजलेली. कोपऱ्यात हाडांच्या माळा घातलेला, डोक्याला शिंगं बांधलेला एक राक्षस ढोल बडवत होता, त्याच्यापुढे चुलीवर हंडा आणि हंड्यात माणूस. राक्षस म्हणजे सुकलू. त्याच्या खांद्यामागे एक कपटी म्हातारा, डावा डोळा पांढरा फटक, खाली लिहिलेलं ‘देश का दुश्मन’. तो मी. माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत हे तुम्ही जाणता. पण रंगाऱ्याचा नियम असा दिसतो की देशाशी बेइमानी करणाऱ्याला एकच डोळा द्यायचा. पोस्टरवर आडवी पट्टी होती, ‘तिसरा जोरदार आठवडा’. सिनेमा तालुक्याला दुसऱ्या दिवशी लागायचा होता.

मी ठरवलं की पाहिल्याशिवाय बोलायचं नाही. सुकलूला घेऊन दुपारच्या बाराच्या खेळाला गेलो, सोबत गिरजाबाई. देवरावभाऊ, तुमचं आयुष्य सिनेमात गेलं, तुम्हीच न्याय करा. हिरो म्हणे गुप्तहेर. तो लाल रुमाल गळ्यात बांधून येतो, ज्याला त्याला स्वतःचं नाव सांगतो आणि नाल्यात उभा राहून गाणं म्हणतो. मी लाकूडचोर पकडायला नाल्यात दिवसदिवस बसलो आहे. बिडी ओढायची नाही, खोकायचं नाही, मुंग्या चावल्या तर चावू द्यायच्या. लपून बसणारा माणूस कोणाला दिसत नाही म्हणून तर तो हेर, नाहीतर तो बँडवाला. हिरोइनही गुप्तहेर आहे असं पहिल्या रिळात सांगितलं, पुढे तिच्याकडे कामच दिलं नाही, फक्त पळायचं आणि पाय मुरगळायचा. (गिरजाबाई म्हणाली, ‘‘या पोरीले नोकरीवर कोनं घेतलं? मोहा वेचाले नेली तर साप दिसन तिले.’’) पाऊस अख्ख्या सिनेमात नाही, मग ती पोस्टरवर भिजली कुठे ते मी शोधत होतो. वाघ एकदा दिसला, व्हिलनच्या भिंतीवर, चौकटीत.

मग नाच आला. सुकलूच्या टोल्यावरचे लोक, धुतलेल्या लुगड्यांतले, आणि त्यांच्या मधोमध तो हंडा. शूटिंगच्या वेळी हंडा नव्हता, तो नंतर कुठेतरी उकळला असावा. त्यांच्या तोंडी बोल घातले ते कुठल्याच भाषेतले नाहीत. सुकलू अंधारात माझ्या कानाशी म्हणाला, ‘‘भाऊ, ढोल तं मी लग्नाचा वाजवून राह्यलो. अन् हे मानूस शिजवून राह्यले. लग्न कोनाचं हाये, हंड्यातल्याचं?’’ त्याची बायको बुधरी त्या नाचात पहिल्या ओळीत आहे. तिने आयुष्यात कोंबडी कापली नाही, ती कामही सुकलूकडेच असतं. हे पाहून मला लाज वाटली, कारण लोक माझ्या शब्दावर गेले होते.

पण खरा घाव पुढे होता. पडद्यावर मी आलो. टाचा जुळवल्या, त्याच रेंजरसाहेबाला सलाम केला, कागद दिला. साहेब म्हणजे सिनेमातला नट होता. मागून भारदस्त आवाज आला की या गद्दाराने अणुबॉम्बच्या कारखान्याचा नकाशा विकला. आणि मग तो नकाशा पडदाभर दाखवला. माझं अक्षर एकेक हाताएवढं. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की माझी बैलगाडी’. खाली सुकलूचा अंगठा, पाटलाची सही, तारखेसकट. मी उभा राहून मोठ्याने वाचू लागलो. मागचे ओरडले, ‘‘ए काका, बसा ना खाली, दुश्मनाच्या पार्टीचे का तुमी?’’ मी बसलो नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

परतीच्या बसमध्ये सुकलू पुढच्या बाकावर बसला. उतरताना एवढंच म्हणाला, ‘‘माही बैलबंडी तिकडे सडून राह्यली, सोमाजीभाऊ, अन् तुमी म्हनता अर्ज साहेबाच्या खिशात हाये.’’ तेव्हापासून बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी मी डेपोत गेलो. गाडीच्या चाकांत गवत वाढलं आहे. बाबू म्हणाला, तुमचा अर्ज आलाच नाही, आला असेल तर दाखवा. मी म्हटलं, दाखवीन. तेव्हापासून मी याच एका कामाला लागलो आहे. मुंबईला सिनेमावाल्यांना दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. पण मी सोडणार नाही. खात्यात असताना एका सागाच्या बुंध्यासाठी मी चोराच्या मागे तीन कोस चाललो होतो, इथे तर सुकलूची गाडी आहे, आणि त्याला दिलेला माझा शब्द.

बाकी विशेष काही नाही. आशाबाईंना जयभीम सांगा.

तुमचा
सोमाजी

ता. क. विशेष आहे. तो सिनेमा येत्या शुक्रवारी तुमच्याच टॉकीजमध्ये लागतो आहे असं जीपवाल्याने सांगितलं. मशीन तुमच्या हातात असतं. अर्जाची जागा सातव्या रिळात, हिरो घोड्यावरून पडतो त्याच्यानंतर लगेच. तेवढा पट्टीचा तुकडा, चार बोटं असेल, कात्रीने कापून, हे पत्र घेऊन येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवा. मी तो बाबूच्या टेबलावर ठेवणार आणि भिंग घेऊन बसणार. नोकरीला धोका असेल तर सांगा, मग मी स्वतः येऊन कापतो, नाव माझं घ्या. पोस्टरवर मी तसाही देशाचा दुश्मन आहे.

ता. क. दुसरा. कात्री लावू नका. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात सुकलू अंगणात आला. चुन्याची डबी माझ्यापुढे ठेवली. बुधरीने पाठवलं म्हणतो. मी पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाला, ‘‘एवढासा तुकडा पाहून बाबू म्हनन हा कायचा कचरा. बाबूलेच सिनेमाले नेऊ. पडदाभर दिसन, मंग कसा नाही म्हनते?’’ बाबूला सिनेमाचा नाद आहे हे खरंच. म्हणून येत्या रविवारी बाराच्या खेळाला आम्ही तिघं येतो. तोपर्यंत सिनेमा काही झालं तरी उतरू देऊ नका. वर मी त्याला नावं ठेवली ती कोणाला सांगू नका, सिनेमा पाहण्यासारखा आहे. बाबूची जागा अशी ठेवा की त्याला अक्षर वाचता येईल. रीळ जागच्या जागी थांबवलं तर जळतं असं तुम्ही मागे सांगितलं होतं, म्हणून थांबवू नका, पण तिथे तुटल्याचं सोंग करून पुन्हा एकदा दाखवता आलं तर पाहा. लोक शिट्ट्या मारतील, मारू द्या.

आणि एक पोस्टर कंडक्टरच्या हाती आजच द्या, मला डेपोच्या फाटकावर लावायचं आहे. हंड्यावालं नको, सुकलूसमोर मी ते लावणार नाही. एकटी हिरोइन भिजलेली असेल असं दुसरं द्या, माझ्या एका डोळ्यावर बाबू येणार नाही. पाकीट तसंच ठेवून आम्ही डेपोत बाबूला विचारून आलो, त्याचं मन पक्कं होईना, म्हणून मी सिनेमात वाघ आहे असं सांगून बसलो आहे. पोस्टरवर कुठे जागा असेल तर तुमच्या रंगाऱ्याकडून एक लहानसा काढून घ्या. जमतं की नाही तेवढं कळवा, पण लवकर कळवा. कंडक्टर संध्याकाळी परत निघतो आणि आम्ही दोघं फाट्यावर बसून आहोत.