सातशे मैल, साडेतीन तास

रवि. ८ जाने. १९६१, कोळवण
दिल्लीहून दादाचं पत्र. कचेरीच्या कामाला विमानाने मुंबईला येऊन गेला. साडेतीन तास फक्त! इकडे यायला मात्र सवड झाली नाही. आबांनी तीनदा वाचायला लावलं. भेटायला येईल त्याला एकच, "आमचा दत्तू इमानात बसला." दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत. कूस मी बदलतो, अंग मी पुसतो. ते कुणाला सांगत नाहीत.

मंगळ. १०
आबांचा हट्ट, म्हणून शाळेच्या नकाशावर दोरा धरून दिल्ली-मुंबई मोजली. सातशे मैल भरले. सांगितल्यावर खूष.
"मंग सकाळी निगला तर दिस मावळायच्या आत हितं. अग्नी त्योच देईल. थोरला हाय."
तेव्हा मी त्यांना पाणी पाजत होतो. जळतो मी दादावर. स्वतःच्या वहीत लिहायला कसली लाज.

रवि. १५
काल संक्रांत. तिळगूळ जिभेला लावला तेवढाच. आज वाचाच बसली. पौडला जाऊन दादाला तार केली.

सोम. १६
उत्तराची तार आली. मंगळवारी सकाळच्या विमानाने निघतो म्हणून. इंग्रजीत. आमच्या आळीत इंग्रजी वाचणारा मी एकटा. सौ.ला तेवढं सांगितलं.

मंगळ. १७
पहाटे आबा गेले.
नऊपर्यंत भावकी जमली. भिकूकाका सगळ्यांत वडील. म्हणाले, "मास्तर, थोरला कवा पोचतोय? इमानाचं तुमालाच ठावं. थांबायचं का?"
"उद्या दुपार होईल."
तोंडून गेलं. की मी म्हणालो? म्हणालोच. सौ. दारात उभी होती. माझ्याकडे नुसतं पाहिलं.
"मंग उगा ताटकळत ठिवू नये. उचला. मडकं तुमी धरा."
बाराला मी अग्नी दिला. रडलो, अगदी खरं रडलो. आणि बरंही वाटत होतं.
साडेचारला टॅक्सी आली. ऊन अजून अंगणात. दादा तसाच स्मशानाकडे गेला, बुटांसकट.
भिकूकाका : "हिसाब चुकला व्हय, मास्तर?"
चुकला, म्हणालो.

गुरु. १९
सावडायला दोघे होतो. अस्थी वेचताना दादाने मध्येच माझा हात धरला.
"म्या येळेवर आलो आसतो, तरी अग्नी तुलाच द्यायला लावला आसता. आबांचं समदं तू केलंस. म्या काय केलं, पत्रं धाडली."
मी हात सोडवून घेतला, तोंड फिरवलं. त्याला वाटलं, आबांच्या आठवणीने.
म्हणजे खोटं बोललो नसतो तरी मान माझाच होता. चारचौघांत, त्याच्या हातून मिळाला असता. आता चांगुलपणाही त्याच्याच पदरात.

शुक्र. २०
आल्यागेल्याला दादा सांगतो, माझा भाऊ श्रावणबाळ हाय. राग येतो. याला दिल्लीत राहून इतकं चांगलं राहायला जमतं कसं?

रवि. २९
तेरावं झालं. दादा उद्या जाणार, पुन्हा विमानानेच. पुढच्या सुटीत मलाही बसवणार म्हणतो.
सौ. : "सांगून टाका त्यास्नी. म्या किती दिस गप ऱ्हाऊ?"
पौडपर्यंत उद्या दोघंच, पायी. दोन तासांची वाट. सांगायला पुष्कळ झाले. ऐकून तो रागावला, चार शब्द बोलला तर सोसेन. पण ओळखतो मी त्याला. पाठीवर हात ठेवील, माफ करील. तेच नकोय मला त्याच्याकडून.