डाव्या हाताची तासणी

अम्मा, मागच्या अंगणातली तुझी खोली मी गेल्या आठवड्यात रिकामी केली. छप्पर गळतंय, ते नीट करून खोली भाड्याने द्यायची आहे. सगळ्या पसाऱ्याखाली अज्जाचा रंग वाटायचा पाटा निघाला. त्याच्यावर तू मांडीवर घ्यायचीस तो चामड्याचा तुकडा, नीट घडी केलेला, आणि त्या घडीत एक दगडी तासणी. पांढऱ्या गारगोटीची, मुठीत मावेल एवढी, एका कडेला बारीक बारीक दात काढलेली. मी ती खिडकीपाशी नेली आणि उलटसुलट करून तुझी फुली शोधली. फुली कुठेच नाही. तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

अज्जाने त्या पाट्यावर आयुष्यभर लुगड्यांचे रंग वाटले आणि तू, रंगाऱ्याची शिकलेली मुलगी, त्याच पाट्यावर दगड फोडायला बसलीस. कॉलेजात तू इतिहास शिकवायचीस. अश्मयुगाचा धडा आला की मुलं जांभया देतात, अशी तुझी तक्रार. खरी हत्यारं वर्गात नेता येत नाहीत, मग आपणच करू, म्हणालीस, आणि केलीस. रविवारी आपण एच. डी. कोट्याच्या बसने कबिनीच्या काठी जायचो आणि गारगोट्यांचं पोतं घेऊन परत यायचो. पोत्यात काय आहे हे कळल्यावर कंडक्टर तुझ्याकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, आणि त्याला माझी दया यायची. घरी तू अप्पांचा जुना चष्मा डोळ्यांवर चढवतेस, गारगोटी पाट्यावर उभी धरतेस आणि नदीतल्या गोल गोट्याने तिच्या डोक्यावर मारतेस. गारगोटी हा हट्टी दगड. सांगाल तिथे फुटत नाही. मी घाई केली की तू मला सावकाश व्हायला आणि गप्प बसून दगडाचं ऐकायला लावायचीस, "निधान गं, निधान. कल्लु सांगतो कुठे मारायचं ते. तू सुम्ने ऐक." आत्या एकदा कौतुकाने म्हणाली होती, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. त्यावर तू मान वर न करता म्हणालीस, "देव कुणाला करायचाय वन्सं? आलं सोलायचंय."

आणि तुझे ते नियम! फोडताना उडालेल्या ढलप्या मागच्या खड्ड्यात पुरायच्या, पण त्यांच्यासोबत सोड्याच्या बाटलीचं एक झाकण टाकायचं. हजार वर्षांनी इथे कुणी खणलं तर त्याला आदिमानवाची वस्ती सापडली असं वाटायला नको. पुढच्या माणसाला फसवायचं नाही. म्हणूनच प्रत्येक हत्यारावर काच कापायच्या पेन्सिलीने फुली. नदीकाठी खरं जुनं काही सापडलं, तर ते पुरातत्त्व खात्याकडे द्यायचं, घरात एक रात्रही ठेवायचं नाही. फुली मात्र अगदी शेवटी. ज्याच्यासाठी केलंय त्याने आधी नखं कापून यायचं, हत्यार हातात धरायचं, आणि बसलं म्हणायचं. मगच फुली. "धरणाऱ्याच्या हाताला बसलं नाही तर ते झालंच नाही," असं तू म्हणायचीस. वाढलेली नखं आडवी येतात आणि खोटी पकड सांगतात, हे तुझं म्हणणं मला तेव्हा निव्वळ खूळ वाटायचं.

स्वयंपाकघरात तुझी एक तासणी ओट्यावर सुरीच्या शेजारी असायची. तिने तू आलं असं सोलायचीस की साल कागदासारखी निघायची आणि गर जराही वाया जायचा नाही. मी धरली की अंगठा घसरायचा, आल्याचा तुकडा थेट मोरीत. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तू ओरडलीस, "साकु! आलं आहे की चेंडू?" मी रडवेली झाले. डाव्या हातावरून मी आधीच सगळ्यांची बोलणी खात होते. वाढताना डावा, प्रसाद घेताना डावा. तू तासणी माझ्या हातातून घेतलीस, माझा पंजा उलटा करून पाहिलास, बोट फिरवत अंगठ्याचा उंचवटा चाचपलास. मग म्हणालीस, "तुझी चूक नाही गं. ही उजव्या हाताची आहे. तुला डावी करून देते. आमेले." त्या घरात माझ्या डाव्या हाताला कुणी सरळ करू पाहिलं नाही असं ते पहिल्यांदाच घडलं. पण तुझं आमेले म्हणजे आमेलेच. नंतर, नंतर करत मी शिकले, नोकरीला बेंगळूरला गेले आणि बाजारातल्या सोलाण्याने आलं सोलू लागले.

मग तुझं दुखणं आलं. शेवटच्या महिन्यांत तुझे विद्यार्थी भेटायला यायचे, फळं आणायचे, कुणी तुला आवडेल म्हणून दगडही आणायचे. त्यामुळेच आता पंचाईत झाली आहे. ही तासणी त्यांच्यापैकी कुणी आणलेली, खरी जुनी असेल, तर ती घरात ठेवणं तुझ्या नियमात बसत नाही. म्हणून मी तुझ्या कॉलेजातल्या आताच्या तरुण प्राध्यापकाला बोलावलं. तो भला माणूस आहे. भिंग लावून बराच वेळ पाहिल्यावर म्हणाला, "मार्क इल्ल, मेडम." खूण नाही. गारगोटीवर काळ दिसत नाही, म्हणाला, कालची आणि दहा हजार वर्षांपूर्वीची सारखीच पांढरी. तुमच्या आईंची असती तर फुली असतीच. मग त्याने ती उजव्या हातात धरली, जरा हलवली आणि म्हणाला, पकड जमत नाही, करणारा शिकाऊ असावा. सोमवारी येऊन घेऊन जातो.

शिकाऊ! तू केलेली नसेलही, तरी मला त्या शब्दाचा राग आला. तो येलवालच्या वळणापर्यंतही पोचला नसेल, तेवढ्यात मला तुझा तो शेवटचा फोन आठवला. "ये गं या शनिवारी," तू म्हणालीस. मी विचारलं, काही विशेष? "सुम्ने, उगीच. ये तू. आणि येताना नखं कापून ये." मला वाटलं, तापात काहीबाही बोलतेय. मी आले तेव्हा तू हॉस्पिटलात होतीस आणि बोलत नव्हतीस. त्या वाक्याचा मी नंतर कधी विचारही केला नाही, अम्मा. इतकी वर्षं ते माझ्यापाशी नुसतं पडून होतं.

मी नखं कापली. अगदी मुळापर्यंत, तुला आवडायची तशी. पायरीवर बसले आणि तासणी डाव्या हातात घेतली. अंगठा आपोआप एका खोलगट जागी गेला. तर्जनी पाठीवर टेकली. मी हात हलवला, झटकला, ती घसरली नाही. घरात आल्याचा तुकडा होता, तो आणून सोलला. साल कागदासारखी निघाली. "बसली गं अम्मा," मी मोठ्याने म्हणाले, आणि मग मला तिथे पायरीवरच रडू आलं. इतकं, की तू गेलीस तेव्हाही आलं नव्हतं. मला तू हवी आहेस. आत्ता, समोर, अप्पांचा चष्मा लावून, माझा पंजा उलटा करून बघणारी.

सोमवारी त्याला मी सांगणार आहे की ही माझ्या अम्माची आहे. पटलं नाही तर डावा हात पुढे करीन. काच कापायची पेन्सिल सापडली आहे, अजून चालते, मी खिडकीच्या काचेवर ओढून पाहिली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून ते चामड्याच्या घडीत राहील. आणि एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. फुली मी अजून केलेली नाही. नियम मोडतेय, कळतंय मला. पण फुली केली की ही तासणी पुरी झाली, आणि मग तू माझ्यासाठी करत असलेलं काहीच उरणार नाही.